हाक मारली तरी ओ देत नाही

दिघीहून ६९ वर्षांच्या एका वडिलांनी लिहिलेलं पत्र थोडक्यात असं:

“मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालो. मुलगा ३८ वर्षांचा. १७ वर्षं फौजेत काढून चौदा महिन्यांपूर्वी हवालदार म्हणून घरी आला. सहा वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये त्यांच्या ताफ्यातली पुढची गाडी सुरुंगात उडाली, त्याच्याच सेक्शनमधले दोघं गेले. ह्याला खरचटलंसुद्धा नाही, डावा कान चार दिवस बधिर होता एवढंच. आल्यापासून कामधंदा नाही. हिंजवडीत सिक्युरिटीची रात्रपाळी लावून दिली, ती तीन आठवड्यांत सोडली. हाक मारली तर ओ देत नाही. टीव्ही इतका मोठा की शेजारी बोलतात. रात्री दोन-तीनदा उठून गेटचं कुलूप हलवून बघतो. डोक्यावरून सुखोई गेलं तरी मान वर करत नाही, पण कुकरची शिट्टी झाली की ताडकन उभा राहतो. हे सोंग नाही तर काय? रोज अर्धी बाटली कॅन्टीनची रम. एकदा मी सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या, तर दोन दिवस हात थरथरण्याचं आणि घामाघूम होण्याचं नाटक केलं. टपालाची पाकिटं उघडत नाही. हयातीचा दाखला दिला नाही म्हणून गेल्या महिन्यात पेन्शन थांबली. एकाहत्तरची लढाई करून आलेली माणसं मी पाहिली आहेत, ती असली थेरं करत नव्हती. विसर्जनाच्या रात्री वाद झाला. मी म्हणालो, ‘तुझ्याबरोबरचे दोघं गेले ते खरे मर्द, तू नुसता पेन्शन खायला परत आलास.’ त्यानं मला ढकललं, मी कपाटावर आपटलो. तेव्हापासून बोलणं बंद. सूनबाई आणि नऊ वर्षांची नात इथेच आहेत. त्याला कुठे भरती करता येईल का?”

काका,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. तुम्ही लिहिलं आहे तेवढ्यावरून त्याला त्याच्या मनाविरुद्ध दाखल करता येईल असं आम्हाला वाटत नाही, आणि आत्ता तसा प्रयत्नही करू नका. एकदा फसवून दवाखान्यात नेलेला माणूस पुन्हा स्वतःच्या पायानं तिथे जायला वर्षानुवर्षं घेतो. तशी वेळ कधी येते आणि तेव्हा काय करायचं ते पुढे लिहिलं आहे.

आता कानापासून सुरुवात करू, कारण तुमच्या घरातली निम्मी भांडणं तिथून सुरू होत असावीत असं आम्हाला वाटतं.

स्फोटाचा दाब पडद्यावर थांबत नाही, आतल्या कानापर्यंत जातो. पडदा फाटला तर बहुतेक वेळा भरून येतो. आतल्या केसासारख्या पेशी मेल्या तर त्या परत उगवत नाहीत. “चार दिवस बधिर होता, मग बरा झाला” असं जवान स्वतःच सांगतात, कारण जाड आवाज परत ऐकू यायला लागतात. गेलेले असतात ते उंच पट्टीतले आवाज. बोलण्यातले स, श, फ, त, क, ख हे त्या पट्टीत येतात. स्वर खालच्या पट्टीत. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे त्याला कळतं, काय बोललं ते कळत नाही. डाव्या बाजूनं किंवा पाठीमागून हाक आली, पंखा किंवा मिक्सर चालू असला की तेवढंही कळत नाही. त्यात कानात सतत सूं असा आवाज राहिला असेल तर तो बुजवायला माणूस टीव्ही मोठा लावतो. रात्री सगळं सामसूम झालं की तोच आवाज झोपू देत नाही.

घरी करून बघा. पंखा आणि टीव्ही बंद. त्याच्या उजव्या बाजूला, समोरून, दोन हातांवर उभे राहा. त्याचं लक्ष तुमच्या चेहऱ्याकडे आल्यावर नेहमीच्या आवाजात बोला. दोन-चार दिवस असं केल्यावर तो उत्तर द्यायला लागला, तर निम्मा उलगडा झाला म्हणायचं. आवाज चढवून उपयोग नसतो, कारण ओरडल्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं नाहीत. त्याच्यापर्यंत फक्त तुमचा राग पोचतो, वाक्य नाही. खात्री करायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यायची. अर्ध्या तासाचं काम आहे, दुखत नाही, आणि हातात आलेख मिळतो.

आता कुकर आणि सुखोई. लोहगावहून उडणाऱ्या विमानाचा आवाज लांबून वाढत येतो, ओळखीचा असतो, आणि तो आपल्याच बाजूचा आहे हे त्याच्या शरीराला १७ वर्षांत पक्कं माहीत झालं आहे. कुकरची शिट्टी, आपटलेलं दार, रिक्षाचं बॅकफायर हे न सांगता येतं. दचकणं नुसत्या आवाजाच्या मोठेपणावर ठरत नाही, अचानकपणावरही ठरतं. ज्याला सोंग करायचं आहे तो मोठ्या आवाजाला दचकेल. तुमचा मुलगा लहान आणि अचानक आवाजाला दचकतो, आणि नेमकं तेच सोंग नसण्याचं लक्षण आहे. गेटचं कुलूपही तसंच. पहारा देऊन देऊन शरीराला लागलेली सावध राहायची सवय ‘आता घरी आलास’ म्हणून सुटत नाही. कुलूप हलवून पाहिल्यावर त्याला अर्धा तास बरं वाटतं, म्हणून तो परत उठतो.

दचकणं, पहारा, तुटक झोप, पाकिटं न उघडणं, माणसांपासून दूर राहणं, चटकन भडकणं. हे सगळं एकत्र, महिन्याहून जास्त टिकून असलं आणि त्यामागे जिवावरचा प्रसंग असला, तर डॉक्टर ज्याचा विचार करतात त्या आजाराला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, म्हणतात. हे नाव वैद्यकशास्त्रात १९८० साली पक्कं झालं, आजार त्याच्या कितीतरी आधीचा. पहिल्या महायुद्धात त्याला ‘शेल शॉक’ म्हणत. एकाहत्तरहून आलेल्यांना हे झालं नाही असं तुम्ही लिहिलंत. झालं होतं, फक्त गावात त्याला दुसरे शब्द होते. फार तापट आहे. कुणाशी बोलत नाही. रानातच झोपतो. दारूत गेला. तुमच्या ओळखीत असा एखादा तरी असणार, आठवून बघा. निदान मात्र आम्ही पत्रावरून करणार नाही. स्फोटाजवळच्या माणसाच्या मेंदूलाही मार बसलेला असू शकतो, त्यातही चिडचिड, डोकेदुखी आणि विसरभोळेपणा येतो. थायरॉइड बिघडलं तरी काही लक्षणं अशीच दिसतात. ते तपासणीतच कळतं.

बाटल्यांबद्दल आम्हाला जरा कडक लिहावं लागतंय. रमची बाटली ७५० मिलीची, म्हणजे अर्धी बाटली ३७५ मिली, म्हणजे रोज ३० मिलीचे साडेबारा पेग. इतकी दारू रोज घेणाऱ्याची एकदम तोडली तर हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात, पहिल्या ६ ते ४८ तासांत झटका येऊ शकतो, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान माणूस भ्रमात जाऊन नसलेल्या गोष्टी बघायला लागतो. ह्या शेवटच्या अवस्थेत उपचार नसतील तर माणसं दगावतात. तुम्ही नाटक म्हणालात तो हाच प्रकार होता, आणि तो दोन दिवसांत निभावला हे नशीब. पुन्हा बाटल्या ओतू नका, त्याचं कॅन्टीनचं कार्डही लपवू नका. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. साधारण आठवडाभर कमी कमी होत जाणारी औषधं देतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व, कारण दारूनं ते संपलेलं असतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तोवर त्याचं जेवण चुकणार नाही एवढं बघा. घरातल्या कुणाच्या झोपेच्या गोळ्या असतील, अल्प्राझोलामसारख्या, तर त्या कुलपात ठेवा. दारू आणि त्या गोळ्या एकत्र झाल्या तर श्वास मंदावतो.

तो पितो ती बहुतेक झोपेसाठी. दारूनं झोप लवकर लागते, पण पहाटेच्या वेळची मोडते, आणि वाईट स्वप्नं तेव्हाच गर्दी करतात. मग दुसऱ्या रात्री थोडी जास्त. हे चक्र सोडवायचं तर झोप आणि दारू या दोन्हींवर एकदमच उपचार लागतात. ‘आधी दारू सोड, मग बाकीचं बघू’ हे बरेच जण सांगतात, आणि ते क्वचितच जमतं. येरवड्याच्या पुढे आळंदी रस्त्यावर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी सुरू केलेलं. तुमच्या घरापासून लांब नाही. तिथे घरच्यांशीही बोलतात. मुलगा तयार नसला तरी सूनबाई आणि तुम्ही आधी जाऊन माहिती घेऊ शकता.

आणि आता ते वाक्य.

तुमच्या पत्रात ते विसर्जनाच्या रात्रीच्या वादात एका ओळीत येऊन जातं, जणू ढकलाढकलीची प्रस्तावना. आमच्या मते अख्ख्या पत्रात तेच मोठं आहे. ज्या माणसाच्या पुढची गाडी उडाली, तो रोज रात्री हिशेब करत असतो: गाड्यांचा क्रम कुणी ठरवला, मी कुठल्या गाडीत बसणार होतो, मी दोन मिनिटं आधी खाली उतरलो असतो तर. त्या हिशेबाचं उत्तर त्याच्या मते एकच निघतं, की वाचायला नको होतं ते आपण वाचलो. हे तो कुणाला बोलून दाखवत नाही. तुम्ही त्या रात्री तेच उत्तर त्याला मोठ्यानं वाचून दाखवलंत. तुमच्या मनात ते नव्हतं, त्याला टोचायला तोंडात आलं तो शब्द तुम्ही फेकलात, हे आम्हाला कळतं. त्याला कळणार नाही, कारण ते त्याला आधीपासून खरं वाटत होतं.

त्यानं ढकललं ते चूकच. पण आधी तुम्हाला बोलायचं आहे, आणि ते कसं ते नीट वाचा.

सकाळची वेळ, त्यानं प्यायच्या आधी. नात शाळेत गेल्यावर. त्याच्या उजव्या बाजूला, तो बसला असेल तर तुम्हीही बसून. त्याच्या आणि दाराच्या मध्ये येऊ नका. एवढंच म्हणा: “त्या रात्री मी त्या दोघांचं नाव काढून बोललो, ते मी फार वाईट बोललो. तू परत आलास याचा मला आनंद आहे, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही.” यात ‘पण’ येता कामा नये. दारू, पेन्शन, नोकरी, ढकलणं, यातलं काही नाही. “तूही मला माफ कर” नाही. उत्तराची वाट बघू नका. उठा आणि बागेला पाणी घाला किंवा दूध आणायला जा. तो गप्प बसेल, उठून जाईल, कदाचित “आता काय उपयोग” म्हणेल. काहीही झालं तरी तो विषय तुम्ही दुसऱ्यांदा काढायचा नाही. आठवड्याभरात एखादं फुटकळ वाक्य त्याच्याकडून आलं, पंपाचं, लाइट बिलाचं, तर तेच उत्तर समजा.

त्या स्फोटाची तारीख सूनबाईंना माहीत असेल. कॅलेंडरवर खूण करून ठेवा. दरवर्षी त्या तारखेच्या आसपास त्रास वाढू शकतो, आणि घरच्यांना कारण कळत नाही. त्या दिवसांत पाहुणे नकोत, पैशाचे विषय नकोत. त्या दोघांच्या घरी फोन करावासा वाटला तर त्याला करू द्या.

दवाखान्यात न्यायचं कसं? तुम्ही नेऊ नका. त्याच्या पल्टणीतला, त्याच बॅचचा कुणी पुण्यात किंवा आसपास असणारच. बॅचचे ग्रुप मोबाइलवर असतात, सूनबाईंना नावं माहीत असतात. त्याला सांगा. वडिलांनी ‘डॉक्टरकडे चल’ म्हटलं की तो वादाचा पुढचा भाग वाटतो. सोबत्यानं म्हटलं की ते वेगळं असतं. आणि सुरुवात कानापासून करा. कान दाखवायला कुठल्याच फौजीला लाज वाटत नाही. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे ईसीएचएसचं, जे कार्ड त्याच्याकडे असेल त्यावर लिहिलेल्या पॉलिक्लिनिकमध्ये आधी जायचं. तिथले वैद्यकीय अधिकारी तपासून पुढे पाठवतात, सैन्याच्या कमांड हॉस्पिटलला किंवा योजनेच्या यादीतल्या खासगी रुग्णालयाला. पहिल्याच खेपेला कान आणि झोप, दोन्हींसाठी रेफरल मागायचं. ‘मानसोपचार’ हा शब्द त्या दिवशी घरातून निघताना कुणी काढायची गरज नाही. ‘झोप लागत नाही, दारू वाढली आहे’ एवढं खरं आणि पुरेसं आहे. सोबत ईसीएचएस कार्ड, डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ म्हणजे मंजुरीचा आदेश, आणि निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचे कागद न्या. स्फोटानंतर युनिटमध्ये काही मेडिकल नोंद झाली असेल तर तीही.

एक पान लिहून द्या. तुम्ही टूलरूममध्ये मशीन बिघडलं की नोंद ठेवत असाल, तशीच: कधी, किती, कशानंतर. झोप किती तास, रात्री किती वेळा उठतो, दारू किती, शेवटची झटापट कोणत्या तारखेला. ‘आळशी’, ‘उद्धट’ असलं एकही विशेषण नको. हे पान सूनबाईंनी त्याला दाखवूनच द्यावं, गुपचूप नको.

डॉक्टर साधारण दोन गोष्टी करतात. गोळ्या, बहुतेक सर्ट्रालीनच्या जातीतल्या. त्यांचा गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात, पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ आणि अस्वस्थता वाटते, आणि इथेच बरेच लोक सोडतात. बरं वाटल्यावरही डॉक्टर पुष्कळ महिने चालू ठेवायला सांगतात, मध्येच बंद करायच्या नाहीत. दुसरं म्हणजे त्या घटनेवर केंद्रित बोलण्याचे उपचार, साधारण ८ ते १६ बैठका, आठवड्याला एक. त्यात तो प्रसंग हळूहळू, ठरवून पुन्हा बघायचा असतो, म्हणून सुरुवातीच्या काही बैठकांनंतर स्वप्नं वाढू शकतात. घरच्यांनी त्या वेळी ‘बघ, बोलून बोलून अजून बिघडलास’ म्हटलं की उपचार तिथेच संपतात. तुम्ही तसं म्हणू नका. आणि तिकडे काय झालं ते घरी स्वतःहून विचारू नका. त्यानं सांगितलं तर ऐका, मध्ये बोलू नका, उपाय सुचवू नका.

रात्री तो ओरडून उठला तर हलवून जागं करायचं नाही, सूनबाईंनीही नाही. लांबून, पायाच्या बाजूला उभं राहून, दिवा लावून, नावानं हाक मारायची आणि सांगायचं: “तू दिघीत आहेस, घरी आहेस, मी तुझी अमुक.” अर्धवट झोपेत अंगाला हात लागला तर हात उगारला जातो, आणि सकाळी त्याला ते आठवतही नाही. तो दाराकडे तोंड करून बसत असेल तर ती खुर्ची त्याचीच राहू द्या. कुकर लावताना “शिट्टी होईल” एवढं म्हणायला दोन सेकंद लागतात.

दिवाळी तोंडावर आहे. विसर्जनाच्या रात्री ढोल-ताशे आणि फटाके तासन्‌तास चालू असताना तुमचा वाद पेटला हा योगायोग समजू नका. सुतळी बॉम्ब तर कधी, कुठल्या गल्लीतून वाजेल सांगता येत नाही. शक्य असेल तर लक्ष्मीपूजनाच्या आधीपासून पाडव्यापर्यंत त्याला, सूनबाईंना आणि नातीला गावाकडे किंवा शांत जागी पाठवा. ‘तुला झेपणार नाही’ म्हणून नव्हे. गावाकडे काम काढा, विहिरीची मोटर, शेताचा बांध, काहीही. जाणं जमलं नाही तर गल्लीतल्या मुलांना विनंती करा, आणि संध्याकाळी सात ते अकरा तो आतल्या खोलीत खिडक्या लावून असेल तर बाहेर ओवाळणीला बोलवत बसू नका. पुढच्या वर्षी गणपतीतही विसर्जनाचा दिवस पुण्याबाहेर काढायचं आत्ताच ठरवून ठेवा; पथकांचा सराव त्याच्या दोनेक महिने आधीपासून संध्याकाळी सुरू होतो हेही लक्षात असू द्या.

एक हिशेब तुम्ही कधी मांडला नसेल. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस किरकोळ. पुरी मिळाली असं धरलं तरी वर्षातले तीन महिने, आणि पुरी क्वचितच मिळते. म्हणजे १७ वर्षांत तो तुमच्या घरी पाहुण्यासारखा आला आणि पाहुण्यासारखा गेला. आवडीची भाजी झाली, वाद पुढे ढकलले गेले, तोही दोन महिने सांभाळून वागला. आता तो राहायला आला आहे. साधारण २० वर्षांचा मुलगा गेला होता, ३७ वर्षांचा माणूस परत आला, आणि मधला माणूस तुम्ही पाहिलेलाच नाही. तिकडे त्याच्या शब्दावर दहा जण उठत-बसत होते. इथे त्याला उठण्याच्या वेळेवरून बोलणी बसतात. मोठी बोलणी नकोत, शेजारी-शेजारी कामं करा. पंप उघडायचा, गेटला रंग द्यायचा, सकाळी दिघीच्या टेकडीवर एक फेरी. काम हातात असलं की डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत. तुमच्या हातात टूलरूमचं कसब आहे. त्याला काही शिकवायचं असेल तर ते शिकवा.

नोकरीचं तीन महिने नाव काढू नका. रात्रपाळीची सिक्युरिटी ही तर ह्या अवस्थेतल्या माणसासाठी सगळ्यात वाईट नोकरी: रात्रभर पहारा, दिवसा मोडकी झोप. ती सोडली हे त्यानं शहाणपणाचं केलं. पुढे दिवसाचं, हाताचं, मोकळ्यावरचं काम बघायचं झालं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावं, मेस्को म्हणजे माजी सैनिक महामंडळातही विचारावं, तिथे सुरक्षारक्षकाखेरीज कामं आहेत का ते.

पेन्शनचं काम सोपं आहे, भांडणाचं नाही. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. संरक्षण खात्याच्या पेन्शनसाठीच्या ‘स्पर्श’ संकेतस्थळावर, मोबाइलवरच्या जीवन प्रमाणच्या ॲपवरून चेहरा दाखवून, किंवा सेवा केंद्रात अंगठा लावून देता येतो; नोंद झाली की थांबलेली रक्कम मागच्या बाकीसह जमा होते. पाकिटं सूनबाईंनी त्याच्यासमोर आठवड्यातून एकदा, सकाळी, पंधरा मिनिटं उघडावीत. तुम्ही त्यात नसावं हे बरं. निवृत्तीचा एकरकमी पैसा कुठे गेला हेही आत्ता विचारू नका. महिन्याची पेन्शन सोबत्यांपेक्षा कमी दिसत असेल तर त्यानं काही भाग आगाऊ विकलेला असेल. त्याला कम्युटेशन म्हणतात आणि तो भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. कानाचा आलेख आणि मनोविकाराचं निदान हातात आलं की, ते सेवेमुळे झालं आहे का याचा दावा करता येतो का, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली धरलं गेलं तर त्याची पेन्शन मिळत नाही, म्हणून कागद नीट हवेत. हे काम लांबतं, पण उपचार त्यासाठी थांबवू नका.

आता मनाविरुद्ध दाखल करायची ती वेळ. त्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे का? असेल तर याच आठवड्यात सोबत्याच्या मदतीनं ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ठेवून पावती घ्या. ‘मी नसलो तर तुमचं बरं होईल’ असं बोलणं, पदकं किंवा घड्याळ कुणाला देऊन टाकणं, एकाएकी शांत होऊन सगळी देणी चुकवणं, यातलं काही दिसलं तर सरळ विचारा: “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट सांगायला जागा मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ ला फोन लावा, टेली-मानस, रात्रंदिवस, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. याच सेवेचा सैन्यदलांसाठीचा कक्ष १ डिसेंबर २०२३ ला आपल्या पुण्यातच, एएफएमसीत म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता, केलात तर चांगलं. जीव धोक्यात असेल तर जवळचं रुग्णालय गाठा, ईसीएचएस कार्डाचं नंतर. त्यानं स्वतःला किंवा घरातल्या कुणाला इजा करायचा प्रयत्न केला किंवा धमकी दिली, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीच्या, तसा कुणी नसेल तर नातलगाच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. आणि सूनबाईंवर किंवा नातीवर हात पडला, तर त्या दोघींनी त्याच क्षणी घराबाहेर पडायचं आणि ११२ लावायचं. आजारपणाचा विचार नंतर. एक पिशवी, कागद आणि थोडे पैसे सूनबाईंनी शेजारच्या विश्वासाच्या घरी ठेवलेले असावेत. हे त्याला कळलं तरी हरकत नाही.

वाद चढायला लागला तर तुम्ही उठायचं. वडील म्हणून हे कठीण आहे. पण त्या क्षणी थांबता येणं तुमच्या हातात आहे, त्याच्या हातात अजून नाही. “वीस मिनिटांनी बोलू” म्हणून बाहेर पडा, त्याच्या वाटेत उभे राहू नका, आणि वीस मिनिटांनी खरोखर परत या.

ता. क. नातीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण तिनं त्या रात्री सगळं पाहिलं असणार. नऊ वर्षांची मुलं न सांगितलेली गोष्ट स्वतःच्या खात्यात घालतात. सूनबाईंनी तिला सांगावं: “बाबांच्या कानाला आणि झोपेला फौजेत इजा झाली आहे. त्यावर डॉक्टर औषध देणार आहेत. तुझ्यामुळे काही झालेलं नाही.” आणि रात्री मोठे आवाज आले तर तिनं कुठे जायचं ते ठरवून द्या. तुमच्या खोलीत, आतून कडी, उशाशी टॉर्च.